मामांच्या प्रेसचा संगणक: साडेपाच मिनिटांचा हिशेब

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार, रात्री १०

तुळशीचं लग्न झालं की कराडला मामांच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिकांचा हंगाम सुरू होतो. यंदा त्यातच विधानसभेची निवडणूक आली, त्यामुळे उमेदवारांची पत्रकं आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एकाच टेबलावर. नेमका आता मुख्य संगणक सकाळी सुरू व्हायला पाच मिनिटांच्या वर घेतो. मी कॉलेजच्या लॅबमध्ये संगणक सांभाळतो, तेव्हा घरच्यांच्या लेखी हे खातं माझंच. लॅबमध्ये प्रत्येक बिघाड रजिस्टरात लिहावा लागतो, तीच सवय इथे.

यंत्र २०१४ साली असेंबल केलेलं. चौथ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम. २०२१ मध्ये मीच २४० जीबीची एसएसडी बसवली, विंडोज १० तिच्यावर. मूळची १ टीबीची हार्ड डिस्क आतच ठेवली आहे. दहा वर्षांच्या पत्रिका, बिलबुकं, शाळांचे प्रगतिपुस्तकांचे नमुने, सगळं तिच्यावर. डीव्हीडी रायटर आहे, कोणी वापरत नाही. बाहेरून लेझर प्रिंटर, यूपीएस आणि टेबलाच्या कडेला चिकटवलेला सात तोंडांचा यूएसबी हब. हबमध्ये मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक, स्कॅनर आणि बऱ्याच वायरी.

मामांचं म्हणणं असं: दिवाळीआधी अडीच मिनिटं लागत होती. एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने 'व्हायरस आहे' म्हणत फॉरमॅट मारला, ६०० रुपये घेतले. त्याच्या दुकानात संगणक अर्ध्या मिनिटात सुरू झाला. इथे आणला, तर पाच मिनिटं.

"आरं, तिथं फटकन चालू झालं की! इथंच काय होतंय?" मामा म्हणाले. दारावर लिंबू-मिरची आहेच, आता संगणकाच्या टेबलालाही लावली आहे.

आज फक्त मोजलं, हात कशालाच लावला नाही. मोबाइलचं स्टॉपवॉच आणि तीन टप्पे. पहिला, बटण दाबल्यापासून मदरबोर्डचा लोगो जाऊन विंडोजचे फिरते ठिपके दिसेपर्यंत. दुसरा, ठिपक्यांपासून पासवर्डच्या पडद्यापर्यंत. तिसरा, पासवर्ड टाकल्यापासून कोरलड्रॉ (पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर) उघडून त्यात ओळ टाइप करता येईपर्यंत.

पहिला १ मि. ४८ से. दुसरा २ मि. ३५ से. तिसरा १ मि. १० से. एकूण ५ मि. ३३ से. दोनदा मोजलं, दोन-तीन सेकंदांचा फरक.

या आकड्यांतला पहिला मला सर्वांत बोलका वाटतो. पावणेदोन मिनिटं जातात तेव्हा विंडोज अजून उठलेलंच नसतं. बोर्डवरची बायोस, म्हणजे यंत्राला जागं करणारा छोटा प्रोग्राम, रॅम तपासते, डिस्क शोधते, यूएसबीच्या एकेका तोंडाला 'कोण आहे' म्हणून विचारते, आणि मग विंडोजच्या हाती सूत्रं देते. एवढा वेळ तिथेच जात असेल तर दहादा फॉरमॅट मारूनही तो कमी होणार नाही. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर बायोसला लागलेला वेळ दिसतो, पण इथे ती ओळच नाही. विंडोज जुन्या पद्धतीने, यूईएफआय म्हणजे नव्या धाटणीच्या बायोसविना टाकलेलं आहे. म्हणून स्टॉपवॉचच बरं.

विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्सच्या पानावर १०० क्रमांकाची नोंद सापडली, बूट ड्युरेशन २,३१,४०८ मिलिसेकंद. म्हणजे पावणेचार मिनिटांच्या थोडं वर. माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या बेरजेशी हे जुळतं. पहिला टप्पा या हिशेबात येतच नाही, विंडोज स्वतःच्या जन्माआधीचं काय सांगणार?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

त्रिपुरी पौर्णिमा, कॉलेजला सुट्टी. संध्याकाळी घाटावर दिवे बघायला जायचं होतं, त्याआधी दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास संगणक मिळाला.

हबची वायर कॅबिनेटमधून उपसली. विंडोज शटडाऊन करून पुन्हा सुरू केलं. पहिला टप्पा ४७ सेकंद. दुसरा ३१ सेकंद! मी मामांना हाक मारली, "मामा, सापडलं!" ते प्लेट धुता धुता आले. त्यांना दाखवायला म्हणून रिस्टार्ट दिला. पहिला टप्पा ४७. दुसरा २ मि. २४ से. मामा काही बोलले नाहीत, हात पुसत परत गेले.

चूक माझी. लॅबमध्ये पोरांना मी जे सांगतो तेच विसरलो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शटडाऊन केल्यावर कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर पूर्ण बंद होत नाहीत, त्यांची जमलेली मांडणी डिस्कवर फाइल करून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलली जाते. रिस्टार्टला मात्र सगळं मुळापासून. काल मी रिस्टार्टने मोजलं, आज शटडाऊनने. एक तराजू किलोचा, एक शेराचा.

मग मामांना रोज सकाळी ही सोय का मिळत नाही? ऑपरेटर ताईंनी उलगडा केला. रात्री मामा शटडाऊनवर क्लिक करतात आणि पडदा काळा व्हायची वाट न बघता भिंतीवरचं बटण बंद करतात. यूपीएसही बंद. ती फाइल लिहून व्हायच्या आधीच वीज जाते.

पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं. हे काम संपेपर्यंत बंदच राहील. यापुढे प्रत्येक मोजणी: पूर्ण शटडाऊन, दहापर्यंत आकडे, मग बटण.

तरी पहिल्या टप्प्याची एक गोष्ट खरीच निघाली. हब काढला की १ मि. ४८ से.चे ४७ से. होतात, एकसष्ट सेकंदांची बचत. त्यावर फास्ट स्टार्टअपचा परिणाम नाही. हब जुना, स्वतःचा ॲडॅप्टर नसलेला. सहा साधनं एकाच तोंडाच्या विजेवर जगतायत. यूएसबी २ च्या तोंडाला ५०० मिलिॲम्पिअरच मिळायचे, त्यात गिऱ्हाईकाचा मोबाइलही चार्जिंगला लागतो. हबच दोषी, असं ठरवून ॲडॅप्टरवाला नवा हब मागवला, ७५० रुपये. दुसऱ्या टप्प्यातली दोन मिनिटं मात्र हबची नाहीत. ते दुखणं वेगळं.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल-आज संगणकाला हात लावू दिला नाही. उद्या संध्याकाळी प्रचार संपतो, त्याआधी आठ हजार पत्रकं जायची आहेत. रात्री दोनला बंद, सकाळी सातला सुरू. साडेपाच मिनिटांत मामांचा चहा होतो, हाच काय तो फायदा.

मी बटर पेपरवरची प्रिंट तपासून द्यायचं काम केलं. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे ना, एवढं मामा दहादा बघायला लावतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क. प्रकाशकाकडून दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांनिशी प्रतिज्ञापत्र घेतल्याशिवाय छापायचं नाही. मामांची फाइल याबाबतीत चोख. संगणकाच्या वायरींबाबत तसं म्हणवत नाही.

नवा हब आला, खोक्यातच आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार, रात्री

सहा वाजता प्रचार थांबला, सातला प्रेसमध्ये शुकशुकाट. कॅबिनेट उघडलं.

आत पांढरी भुकटी. ऑफसेटवर छापलेल्या कागदाची शाई पुढच्या कागदाच्या पाठीला लागू नये म्हणून स्प्रे पावडर मारतात, पिठासारखी बारीक. मशीन पलीकडच्या खोलीत, पण पावडर पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या फटींत, सगळीकडे बसलेली. ब्रश आणि ब्लोअर, वीस मिनिटं. त्यानंतर हब न लावता मोजलं, ४७ से. आणि २ मि. २४ से., जसंच्या तसं. धूळ निर्दोष. (साफ करणं योग्यच होतं, पण 'साफ केल्यावर मशीन फास्ट झालं' असं सांगणाऱ्यांनी आधी-नंतर मोजलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे.)

मग हार्ड डिस्क. विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये १२९ क्रमांकाच्या नोंदी ओळीने होत्या, 'रीसेट टू डिव्हाइस'. म्हणजे विंडोज डिस्कला काही विचारतं, उत्तर येत नाही, कंटाळून रीसेट पाठवतं, पुन्हा विचारतं. प्रत्येक वेळी सेकंदांवर सेकंद. सगळ्या नोंदींच्या वेळा संगणक सुरू होतानाच्या.

डिस्क मरायला टेकली, असं वाटून पोटात गोळा आला. दहा वर्षांचं काम आहे. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. वर निळ्या रंगात 'गुड'. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, शून्य. सी५, म्हणजे संशयित सेक्टर, शून्य. सी६ शून्य. मग खाली सी७, अल्ट्राडीएमए सीआरसी एरर काउंट: ७२७.

संगणक एकदा पुन्हा सुरू केला. सी७ झालं ७३६. मी वहीत 'नऊने वाढलं' लिहिलं आणि मग लक्षात आलं की हे सॉफ्टवेअर मूळ आकडे दहाऐवजी सोळाच्या पायात (हेक्साडेसिमल) दाखवतं. मेनूत जाऊन दशमान केलं. आधीचा आकडा १,८३१, आताचा १,८४६. एकदा सुरू करण्यात पंधरा चुका.

०५, सी५ आणि सी६ हे डिस्कच्या पोटातले आजार. सी७ हा रस्त्यातला अपघात. डिस्कने माहिती बरोबर पाठवली, पण बोर्डपर्यंत पोचताना बिघडली. रस्ता म्हणजे केबल. आणि सी७ कितीही वाढलं तरी हे सॉफ्टवेअर 'गुड'चं निळं बदलत नाही, पिवळं होतं ते पहिल्या तिघांमुळे. वरचा रंग पाहून कोणी बंद केलं असतं तर त्याला दोष देता आला नसता.

केबल बघितली. साटाची लाल केबल डिस्कमधून निघते तिथेच काटकोनात मोडलेली, डीव्हीडी रायटर आणि कॅबिनेटच्या पत्र्यात चेपलेली. टोकाला खिट्टी नाही. बोट लावलं तर सैल दातासारखी हलली.

लॅबमधून उद्या खिट्टीवाली केबल आणतो. आज लाइव्ह लिनक्स मिंटची (विंडोजला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालणारी प्रणाली) पेनड्राइव्ह लावून पक्कं केलं. कर्नलच्या नोंदींत 'बॅडसीआरसी', 'हार्ड रीसेटिंग लिंक', आणि शेवटी 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू १.५ जीबीपीएस'. खराब रस्त्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतात तसं. विंडोज 'डिव्हाइसला रीसेट पाठवला' एवढंच सांगून गप्प बसतं, लिनक्स भांडण शब्दशः लिहून ठेवतं. मी निदानाला लाइव्ह पेनड्राइव्ह वापरतो ती याचसाठी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

केबल बदलली. ८० रुपयांची, दोन्ही टोकांना खिट्टी, वळण सैल ठेवलं. हब अजून बाहेरच.

पहिला टप्पा १४ से. दुसरा २२ से. तिसरा ३८ से.

मामा पासवर्डच्या पडद्याकडे बघत राहिले. "एवढ्यात?" म्हणाले. ताईंनी कोरल उघडून कालची पत्रिका काढली, ती जुन्या डिस्कवरून आली तरी लगेच. पहिल्या टप्प्यातले तेहतीस सेकंदही या केबलचेच होते, कारण बायोसलाही ती डिस्क ओळखायला थांबावं लागत होतं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. भांडायला नाही, विचारायला. तो सरळ माणूस निघाला. म्हणाला, "फॉरमॅट मारताना चुकून डेटाची डिस्क उडू नये म्हणून ती काढून ठेवली होती. देताना परत जोडली. जुनी केबल सैल होती, म्हणून माझ्याकडची दुसरी लावली."

म्हणजे त्याच्या दुकानात ना डिस्क जोडलेली, ना हब. नुसती एसएसडी. १४ अधिक २२, छत्तीस सेकंद. फटकन सुरू होणारच! परत देताना त्याने जोडलेल्या केबलने अडीच मिनिटांची पाच झाली. डेटा वाचवायला डिस्क काढली हे त्याने शहाण्यासारखं केलं, फक्त ती जोडल्यावर पुन्हा एकदा सुरू करून बघितलं नाही.

मामांना हे सांगितलं. "म्हणजे जागेचा दोष नव्हता?" नव्हता. लिंबू-मिरची तशीच आहे.

उरतात आधीची अडीच मिनिटं, फॉरमॅटच्या आधीपासूनची. ती हबची. उद्या नवा हब लावला की विषय संपला.

२० नोव्हेंबर, बुधवार

विषय संपला नाही.

सकाळी मतदान करून आलो. प्रेस बंद, त्यामुळे दिवसभर संगणक माझा. नवा हब ॲडॅप्टरसकट जोडला. जुन्यातल्या सहाही वायरी एकेक काढून नव्यात लावल्या.

पहिला टप्पा १ मि. १५ से.

बरोबर एकसष्ट सेकंद परत. हब नवा, वीज भरपूर, वेळ तोच. ७५० रुपये गेले आणि जुना हब उगाच बदनाम झाला. शुक्रवारी काढताना मी हब आणि त्याला लोंबकळणारी सहा साधनं एकदमच काढली होती. त्यातलं दोषी कोण हे न विचारता हबला फाशी दिली.

मग अर्धे-अर्धे. सहांतल्या तीन काढल्या: लॉक, स्कॅनर, माऊसचा रिसिव्हर. १ मि. १३ से. म्हणजे दोषी उरलेल्या तिघांत.

इथे मामांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना भीती लॉकची होती. पेनड्राइव्हएवढा तो तुकडा हरवला किंवा बिघडला तर जुने फॉन्ट उघडत नाहीत, आणि प्रेसमधलं २०१४ पासूनचं सगळं मॅटर त्याच फॉन्टांत. आता गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवतं, ताई तो फिरवून घेतात, रफार आणि 'श्र' हाताने नीट करतात. पण मागचं सगळं लॉकच्या कृपेवर. म्हणून त्याला काळा दोरा बांधलेला आहे. दृष्टीसाठी की ओढून काढायला, ते मामा सांगत नाहीत.

उरलेल्या तीन: मोबाइलच्या चार्जिंगची वायर, ताईंची पेनड्राइव्ह, आणि एक लांब काळी वायर, टेबलामागे गेलेली. चार्जिंगची वायर काढली, फरक नाही. पेनड्राइव्ह काढली, दोन सेकंद.

काळी वायर कुठे जाते? मामा म्हणाले प्रिंटरला. प्रिंटरची वायर तर थेट कॅबिनेटला आहे. ओढली, अडकली. टेबल पुढे सरकवलं. मागे भिंतीलगत कागदाच्या कातरणांच्या ढिगात एक कार्ड रीडर पालथा पडलेला. चार फटींचा, जुन्या धाटणीचा. पावडरीने पांढरा, कडेचा लाल दिवा मिणमिणतोय. एका फटीत एसडी कार्ड.

"हा इथं आहे होय!" मामा.

आधी लग्नाचे फोटोग्राफर कार्डच आणून द्यायचे, पत्रिकेवर किंवा फ्लेक्सवर नवरा-नवरीचा फोटो घ्यायला. पुढे सगळं मोबाइलवर आलं, रीडर टेबलामागे घसरला, पण वायर हबमध्ये राहिली. जुन्या हबमधून नव्या हबमध्ये ती मीच माझ्या हाताने लावली, दुसऱ्या टोकाला काय आहे हे न बघता.

रीडर काढला: पहिला टप्पा १६ से. हब वगळून रीडर थेट कॅबिनेटला लावला: १ मि. १३ से. जुन्या हबमध्ये रीडर सोडून बाकीचं सगळं लावलं: १६ से. जुना हब निर्दोष सुटला.

दोष रीडरचा की कार्डचा, हेही बघितलं. कार्ड काढून रिकामा रीडर लावला, तरी सव्वा मिनिट. लिनक्सच्या नोंदींत 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -११०', पंधरा-पंधरा सेकंदांच्या अंतराने तीच ओळ, आणि शेवटी 'अनेबल टू एन्युमरेट'. उणे ११० म्हणजे वेळ संपला, उत्तर नाही. रीडरला वीज मिळते म्हणून दिवा लागतो, पण 'तू कोण' विचारलं की तो बोलत नाही. बायोस विचारते, थांबते, पोर्ट रीसेट करते, पुन्हा विचारते. तिला वाटतं, न जाणो हाच सुरू व्हायचा ड्राइव्ह असेल!

दुपारी ताई त्यांची पेनड्राइव्ह न्यायला आल्या. मी रीडर दाखवून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ती पाटी त्याचीच असणार. रोज सकाळी कोपऱ्यात येते, 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड'. आम्ही फुली मारतो."

पहिल्याच दिवशी त्यांना विचारायला हवं होतं. रोज त्या यंत्रासमोर आठ तास त्या बसतात, मी नाही.

कार्ड माझ्या लॅपटॉपमध्ये नीट उघडलं. २०१९ मधल्या एका लग्नाचे चारशेच्या वर फोटो. मामांनी दोन फोटोंत ओळखलं. "ही तर आपली पत्रिका. यांच्या पोराच्या बारशाचीही आपणच छापली." कार्ड कोणी मागायला आलं नव्हतं. फोटोग्राफरला वाटलं असेल घरच्यांकडे आहे, घरच्यांना वाटलं असेल फोटोग्राफरकडे.

जाता जाता बायोसमध्ये सुरू होण्याचा क्रम लावला. आधी एसएसडी, डीव्हीडी आणि नेटवर्क बंद. पहिला टप्पा ११ से.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला टप्पा पुन्हा १६ से. पाच सेकंदांसाठी कोण जीव काढतो, पण कालचा आकडा आज का नाही, याचा छडा लावल्याशिवाय चैन पडेना. बायोस उघडली. क्रम मूळपदावर, तारीख १ जानेवारी २०१४.

बोर्डवरची बटण-बॅटरी संपली आहे. सीआर२०३२, तीन व्होल्टची, मीटरवर २.४ दाखवते. भिंतीवरचं बटण चालू असतं तोवर बोर्डाला मुख्य वीज मिळते आणि बॅटरीची गरज पडत नाही. मामा रात्री बटण बंद करतात, म्हणून रोज सकाळी बोर्ड सगळं विसरतो. विंडोज इंटरनेटवरून तारीख सुधारून घेतं, त्यामुळे कोणाला कळलं नाही. ताईंना मात्र कळलं होतं. "सकाळी पाच-दहा मिनिटं जीमेल उघडत नाही, सर्टिफिकेटचं काहीतरी म्हणतं." या वेळी मी आधी त्यांना विचारलं होतं.

नवी बॅटरी ४० रुपये. क्रम पुन्हा लावला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मतमोजणी. दहा वाजल्यापासून अभिनंदनाच्या फ्लेक्सचे फोन. सकाळी ताईंनी मोजून व्हॉट्सॲपवर पाठवलं: ११, २३, ३८. एकूण १ मि. १२ से. तारीख बरोबर, जीमेल पहिल्या झटक्यात.

मामांना एकच विनंती केली, शटडाऊननंतर पडदा काळा होऊ द्या, मग बटण. हो म्हणालेत. फास्ट स्टार्टअप मी बंदच ठेवतोय, 'हो'वर फार भिस्त नाही. आणि मामांची तक्रार अशी की आता चहा अर्ध्यावर सोडावा लागतो.

खर्च: केबल ८०, बॅटरी ४०, हब ७५०. हबचे पैसे मामा देत होते, घेतले नाहीत. तो आता लॅबमध्ये माझ्या टेबलावर आहे. जुना हब टेबलाच्या कडेला पूर्ववत, मात्र प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवली आहे, पत्रिकेच्या कातरणांची. 'स्कॅनर'च्या पट्टीमागे अर्धवट 'आमच्या काकाच्या लग्नाला' दिसतं.

जुनी डिस्क २१,००० तासांच्या वर चालली आहे. केबलने घाबरवलं ते बरंच झालं. दुसरी १ टीबी डिस्क घेऊन आज रात्री सगळ्याची नक्कल लावली आहे.

१ डिसेंबर, रविवार

नक्कल पूर्ण, शंभरेक जुन्या फाइल उघडून बघितल्या, सगळ्या उघडतात. रीडर भंगारात. कार्ड त्या जोडप्याकडे पोचलं. पोरगं घेऊन दोघेही आले होते, मामांनी पेढे घेतले आणि कार्डाचे पैसे घेतले नाहीत.

सी७: केबल बदलल्यापासून तेवढंच.